बुवानं दांडा दाबला, घागर तशीच लोंबत राहिली

पत्र : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी कास्तकार, वय ३८. आठ दिवस झाले, पांदणीत चिखलात मोटरसायकल घसरली अन् उजव्या खांद्यावरच पडलो. खांद्याच्या टोकाशी हासळीचं हाड एकदम वर आलं, लिंबाएवढं टेंगूळ दिसते. गावात हाड बसवणाऱ्या बुवाकडे नेलं. त्यानं हात ओढला, हाड दाबलं. म्हणे, ‘हाड वर चढलं, खाली बसवा लागते.’ दाबलं की बसते, सोडलं की पुन्हा वर. शेवटी कामट्या बांधून दिल्या. मग यवतमाळला एक्स-रे काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, हाड कुठंच मोडलं नाही, लिगामेंट तुटलं, तिसरा गट आहे, ऑपरेशन नको, झोळी घाला. दुसऱ्या दवाखान्यात म्हणाले, प्लेट टाका. मोडलं नाही तर हाड वर कावून आलं? मागल्या साली माह्या सहा वर्षांच्या पोराची हासळी मोडली होती, ते एका महिन्यात जुळली. माही का नाही जुळत? पऱ्हाटीची फवारणी तोंडावर आहे, पाठीवर पंप कधी घेता येईल? अन् पोळ्याला आमच्या घरचे बैल मीच धरतो.
— एक कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

भाऊ,

तुम्ही चार-पाच प्रश्न विचारलेत, पण त्यातला ‘मोडलं नाही तर वर कावून आलं’ हा एकच धरून चालू. तो सुटला की बाकीचे आपोआप सुटतात.

उघड्या अंगानं आरशासमोर उभे राहा. झोळी मिनिटभर काढा, दोन्ही हात सैल सोडा. नजर टेंगळाकडे जाईल, तिकडे पाहू नका. दोन्ही खांद्यांच्या बाहेरच्या कडा पाहा. उजवी कड डावीपेक्षा खाली उतरलेली दिसेल. हाड जवळपास आपल्या जागेवरच आहे, त्याच्याखालून तुमचा खांदाच निसटून खाली गेला आहे. पाणी उतरल्यावर नदीतला खडक उघडा पडतो, तसं ते टेंगूळ उघडं पडलं.

कावड तुम्ही पाहिलीच असेल. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला पोरं येतात, त्यांच्या खांद्यावर असते ती. आडवा दांडा, त्याच्या टोकाला दोऱ्या आणि दोऱ्यांना घागर. हासळी म्हणजे तो दांडा. तुमचा अख्खा हात, पाठीवरच्या फऱ्यासकट (खांद्यामागच्या चपट्या हाडासकट), म्हणजे ती घागर. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट बंध, त्या दोऱ्या. दोरी तुटली तर घागर खाली जाते. ओझं सुटल्यामुळे दांड्याचं टोक थोडं उसळतं हेही खरं, कारण मानेकडून येणारे स्नायू हासळीला वर ओढतच असतात. पण ते थोडंच. बुवानं दांडा दाबला. उचलायला पाहिजे होती घागर.

आता हा दांडा नेमका कसा आहे ते डाव्या बाजूला चाचपून पाहा, उजवीकडे हात लावू नका. गळ्याखाली मधोमध खळगी आहे, तिच्या काठाला हासळीचं आतलं जाडसर टोक लागेल. तिथून बोट बाहेर सरकवत न्या. आधी हाड पुढं फुगत येतं, मग खांद्याजवळ मागं वळतं. सरळ दांडा नाही, नागमोडी आहे. मोठ्या माणसात लांबी साधारण १५ सेंटिमीटर. मांडीचं, दंडाचं, पायाचं अशी सगळी लांब हाडं उभी, हे एकटं आडवं. वर मांसाचं पांघरूणही नाही, कातडीखाली लगेच हाड, म्हणून तर त्याची जराशी खोड लपत नाही. त्याच्या मागं आणि खालून मात्र हाताची मोठी रक्तवाहिनी आणि हाताच्या सगळ्या नसांचा जुडगा जातो, फुफ्फुसाचं वरचं टोकही तिथंच. पुस्तकात ह्याला जत्रुकास्थी म्हणतात. आपण हासळी म्हणतो, लेकराच्या गळ्यात घालतात त्या चांदीच्या हासळीसारखं ते गळ्याखाली आडवं बसतं म्हणून. लॅटिन नावाचा अर्थ ‘छोटी किल्ली’. हे नाव मला आधी काहीच्या बाहीच वाटायचं. त्यात तथ्य आहे, ते पुढं येईल.

आणखी एक गंमत. आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात हाड बनायला सुरुवात होते, ती अंगातल्या सगळ्या हाडांत आधी हासळीपासून. पण तिचं आतलं टोक पुरतं जुळायला माणूस पंचविशीला यावा लागतो. लगीन होऊन लेकरू खेळायला लागतं, तरी बापाची हासळी अजून पक्की व्हायची असते.

पोळा जवळ आलाय म्हणून हेही सांगतो. बैलाला हासळी नसते. खांदशेकणीला तुम्ही त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळता तेव्हा बोटं दाबून पाहा, फऱ्यापासून छातीकडे येणारं असं हाड सापडणार नाही. पुढचे दोन्ही पाय त्याच्या धडाला नुसत्या मांसानं बांधलेले असतात आणि धड त्या दोन पायांमध्ये झोळीत ठेवल्यासारखं लटकतं. घोड्याचं तसंच. त्यांना पाय पुढं-मागं टाकायचा असतो, एवढ्यावर भागतं. आपल्याला हात बाजूला न्यायचा असतो, डोक्यावर न्यायचा असतो, झाडावर चढायचं असतं. मग खांद्याला छातीपासून दूर धरून ठेवणारा दांडा लागतो. हासळी नसती तर दोन्ही खांदे छातीवर कोसळले असते. गावरान कोंबडीच्या रश्श्यात चिमट्यासारखं जे दुबेळकं हाड निघतं, त्या तिच्या दोन हासळ्या, एकमेकींना जुळलेल्या. उडायला दांडा पक्का लागतो.

फरा पाठीवर फासळ्यांना कुठंही हाडानं जोडलेला नाही, स्नायूंत तरंगतो. म्हणजे तुमचा अख्खा हात सांगाड्याला फक्त एका जागी हाडानं जोडलेला आहे, गळ्याच्या खळगीशेजारी. कापसाचं गाठोडं डोक्यावर चढवता तेव्हा सगळा ताण त्या रुपयाएवढ्या सांध्यापर्यंत पोचतो. म्हणून निसर्गानं तिथं बांधणीत कसर ठेवलेली नाही. पुढून एक बंध, मागून एक, डाव्या-उजव्या हासळ्यांना वरून जोडणारा एक, आणि सगळ्यांत चिवट तो हासळीला खालच्या पहिल्या फासळीशी जखडणारा. सांध्याच्या मधे कुर्च्याची चकतीही आहे. हे टोक सहसा निखळत नाही. धक्का फार असेल तर त्याआधी हासळी मधेच मोडते, जिथं तिचं वळण बदलतं आणि बंधाचा आधार नसतो. मोडलेल्या दहा हासळ्यांतल्या आठ मधल्या भागातच मोडलेल्या सापडतात.

तुमचं दुखणं दुसऱ्या टोकाचं.

बाहेरच्या टोकाला हासळी फऱ्याच्या माथ्याला टेकते. तिथं छोटा सांधा आहे आणि त्याला गुंडाळणारा बंध आहे. हा बंध हाडाला पुढं-मागं सरकू देत नाही, पण हाताचं वजन तो पेलत नाही. वजन पेलणाऱ्या दोऱ्या आतल्या बाजूला आहेत. फऱ्याला पुढून कावळ्याच्या चोचीसारखा एक आकडा असतो. हासळीच्या बाहेरच्या खळग्याखाली इंचभर अंतरावर डाव्या खांद्यात बोट खुपसा, टणक लागेल आणि दुखेल. घाबरू नका, तिथं दाबलं तर सगळ्यांनाच दुखतं. त्या चोचीपासून दोन बंध वर हासळीच्या पोटाला जातात. आतला उलट्या शंकूसारखा, बाहेरचा रुंद चौकोनी पट्टा. हात लोंबतो तो ह्या दोघांच्या भरवशावर.

खांद्यावर आपटलात तेव्हा जमिनीनं फऱ्याला खाली ढकललं. हासळीला मात्र आतल्या बंधांनी आणि पहिल्या फासळीनं वरच अडवून धरलं. आधी सांध्यावरचा बंध गेला. जोर संपला नव्हता, म्हणून मग चोचीवरचे दोन्ही गेले. पहिला बंध नुसता ताणला तर पहिला गट. तो तुटून चोचीवरचे फक्त ताणले तर दुसरा. सगळे तुटले तर तिसरा. अमेरिकेतल्या रॉकवूड नावाच्या सर्जननं १९८४ मध्ये ह्यात आणखी तीन गट घातले. चौथ्यात हासळीचं टोक मागं मानेच्या स्नायूत घुसतं. पाचव्यात खांदा इतका खाली जातो की टोक कातडीला टोचायला लागतं. सहाव्यात ते चोचीच्या खाली अडकतं. असा रुग्ण डॉक्टरांच्या अख्ख्या नोकरीत एखादा दिसला तर दिसला.

बुवांबद्दल राग धरू नका. ही चूक फार जुनी आहे. रोमन काळातला नामी वैद्य गॅलन पस्तिशीत आखाड्यात पडला आणि त्याचंही नेमकं हेच झालं. आखाड्यातला माणूस खांद्याचा गोळाच निखळला समजून हात ओढायला लागला. गॅलननं काखेत बोटं घालून पाहिलं, गोळा निखळून तिथं आलेला नव्हता, तेव्हा कुठं ओढणं थांबवलं. तुमच्याही खांद्याचा गोळा जागेवरच आहे. तेव्हा यापुढं कुणाला हात ओढू देऊ नका, तेल लावून रगडू देऊ नका. कामट्या सोडून टाका. त्या हाताला वर उचलत नाहीत आणि त्यांच्याखाली कातडी सोलते. पोराला बांधला असेल तसला आठच्या आकड्याचा पट्टाही तुमच्या कामाचा नाही, तो खांदे मागं खेचतो, वर उचलत नाही.

पोराची हासळी का जुळली? हाड हाडाला जुळतं, आणि जुळताना पुन्हा हाडच तयार होतं. लेकरांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, तीन-चार आठवड्यांत काम होतं. त्याच्याही खांद्यावर तेव्हा गाठ आली असेल, ती वाढीबरोबर विरत जाते. बंधाचं तसं नाही. तुटलेली टोकं लोंबत असताना त्यांच्यात नवा, वेडावाकडा तंतू भरतो आणि दोरी लांब होऊन सांधली जाते. म्हणून तुमचं टेंगूळ बहुतेक राहील. कायमचं राहील. हे आजच सांगतो, नाहीतर सहा महिन्यांनी वाटेल की कुणाचं तरी चुकलं. तो लांबलेला बंध आणि वरून मानेचे-खांद्याचे स्नायू मिळून हाताचं वजन पेलायला शिकतात, आणि बहुतेकांचा हात कामाला येतो. टेंगूळ असलेला हात आणि निकामी हात ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दोन दवाखाने, दोन मतं. एकानं फसवलं असं मनात आणू नका. पहिल्या दोन गटांना ऑपरेशन लागत नाही आणि वरच्या तिघांना लागतं, इथपर्यंत साऱ्यांचं एकमत. तिसऱ्यावर हाडांचे डॉक्टर कित्येक वर्षं भांडताहेत. ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांची तुलना पुष्कळदा झाली. वर्षभरानं हाताच्या ताकदीत मोठा फरक सापडत नाही. ऑपरेशननं टेंगूळ बसतं, पण चिरा येतो, जंतू शिरायची भीती येते, आणि हुकासारख्या आकड्याची प्लेट टाकली तर ती काढायला काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर जावं लागतं. डोक्यावर ओझी चढवणाऱ्या माणसाला काही सर्जन ऑपरेशनच सुचवतात, त्यालाही आधार आहे. माझं मत विचाराल तर मी तुमचा हात आधी झोळीत ठेवला असता. तीन महिन्यांनी हात वर न्यायला जोर येत नसेल, दुखणं हटत नसेल, तर तेव्हाही ऑपरेशन करता येतं. फक्त जुनी टोकं शिवता येत नाहीत, दुसरीकडचा तंतू आणून नवी दोरी ओवावी लागते.

एक काम मात्र ह्याच आठवड्यात करा. समोरून काढलेल्या एक्स-रेत तिसरा आणि चौथा गट सारखाच दिसू शकतो, कारण हाड मागं गेलंय हे समोरून कळत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हाड मागं तर नाही ना गेलं? काखेतून एक्स-रे काढला का?’ दोन्ही खांद्यांचा एकत्र एक्स-रे असेल तर आणखी बरं, अंतर मोजता येतं. चौथा किंवा पाचवा गट निघाला तर वाट पाहायची नाही, पहिल्या तीन आठवड्यांत ऑपरेशन सोपं जातं. खर्चाची चिंता असेल तर मोठ्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याला महात्मा फुले योजनेत हे बसतं का विचारा, रेशनकार्ड सोबत न्या.

झोळीचं सांगतो, कारण दहातली सात जणं ती चुकीची घालून येतात. गळ्यातून दुपट्टा टाकून नुसतं मनगट अडकवायचं आणि कोपर खाली लोंबतं ठेवायचं, ह्याला झोळी म्हणत नाहीत. घागर उचलायची आहे हे लक्षात ठेवा. कापड कोपराखालून पुरतं गेलं पाहिजे, कोपर वर उचललं गेलं पाहिजे, आणि मनगट कोपरापेक्षा किंचित उंच पाहिजे. बरोबर बसली की टेंगूळ जरा लहान दिसतं, तीच खूण. दोन-तीन आठवडे घाला. झोपताना पाठीवर झोपा आणि उजव्या कोपराखाली गोधडीची घडी ठेवा. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काखेत घाम साचून कातडी लाल होते, रोज पुसून कोरडी करा.

बोटं, मनगट, कोपर आजपासूनच हलवा, दिवसातून चार-पाच वेळा. नाहीतर खांदा सांधेल आणि कोपर आखडेल. दुखणं उतरलं की उताणे पडून डाव्या हातानं उजवा हात धरा आणि हळूहळू वर न्या. उभ्यानं नाही, उताणे पडल्यावर हाताचं वजन खाली ओढत नाही. पहिले चार आठवडे खांद्याच्या उंचीच्या वर न्यायचा नाही. किल्लीची गोष्ट इथं येते. हात डोक्यावर नेताना साधारण दोन-तृतीयांश हालचाल खांद्याच्या गोळ्यात होते आणि उरलेली फरा फिरून. फरा फिरावा म्हणून हासळीला स्वतःभोवती किल्लीसारखं वळावं लागतं, आणि तिला वळवतात तेच चोचीवरचे दोन बंध, जे तुमचे आत्ता तुटलेले आहेत. डाव्या हासळीवर बोट ठेवून डावा हात वर करा, ती बोटाखाली वळताना कळेल.

पंपाचं. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो आणि त्याचा पट्टा नेमका ह्याच सांध्यावर बसतो. वर एका हातानं दांडी मारत राहायचं. ह्या वर्षीची फवारणी तुमच्या हातून होणार नाही, मजूर लावा किंवा भावाला सांगा. पैसे जातील, कळतं मला. दसऱ्यापर्यंत साधारण साडेसात आठवडे होतील, तोवर हात दुखल्याशिवाय वर जात असेल तर हलकी कामं, पाणी देणं, वेचणी, हे चालेल. गाठोडी, पोती आणि पंप दिवाळीनंतर, आणि तेही डॉक्टरांनी हाताचा जोर पाहून हो म्हटल्यावर. तेव्हा पट्ट्याखाली जाड कापडाची गादी शिवून घ्या, टेंगळाला पट्टा घासला तर दिवसभर ठणकतं.

बोटं बधिर व्हायला लागली, हात थंड किंवा निळसर पडला, टोकावरची कातडी पांढरी ताणली, किंवा दम लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गळ्याच्या खळगीपाशी हासळी आत गेल्यासारखी वाटून गिळायला त्रास झाला, तर थेट मोठ्या दवाखान्यातच. तसं तुमच्या पत्रात काही नाही, पण तुमच्या गावातला दुसरा कुणी हे वाचत असेल.

राहिला पोळा. तोरणाखाली बैल बिचकला की कासऱ्याला जो हिसका बसतो तो थेट ह्याच तीन बंधांवर येतो. ह्या वर्षी कासरा धाकट्या भावाच्या नाहीतर सालदाराच्या हाती द्या. आदल्या दिवशी खांदशेकणीचं लोणी मात्र तुम्हीच लावा, डाव्या हातानं. उजवा झोळीत, कोपर वर.